तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सी’ जमेल का?

बडोद्यातली आमची ट्रेकिंगवाली मंडळी युरोपला निघाली की विचारतातच, "आबूला बेसिक कोर्स झालाय, पावागड तर नेहमीचाच. डोलोमाइट्समधली सी ग्रेडची व्हिया फेराटा जमेल का हो?" (डोलोमाइट्स म्हणजे इटलीतले डोंगर. व्हिया फेराटा म्हणजे कड्यावर खुंट्यांनी पक्का केलेल्या लोखंडी दोरात स्वतःला अडकवून चढायची वाट, आणि ग्रेड म्हणजे तिची अवघडता.)

आधी सांगा, कुठल्या पद्धतीतला सी? ऑस्ट्रियन पद्धतीत ए ते ई अशी अवघडता चढत जाते, आणि सी म्हणजे कठीण: उभा कडा, पावलांना जागा थोडी, सगळा भार हातांवर. डोलोमाइट्सच्या इंग्रजी गाइडबुकात आकडा आणि अक्षर जोडीनं येतात. १ ते ५ हा आकडा चढाईचा. ए ते सी हे अक्षर मार्ग किती गंभीर आहे त्याचं, म्हणजे लांबी, उंची, हवा बिघडली तर मधूनच उतरता येतं का. तिथला २सी हातापायांना सोपा, पण अडकलात तर सुटका लांब. ४ए दमवतो, पण सहसा आटोपशीर असतो. नवख्यांच्या बाबतीत मला जास्त भीती वाटते ती २सीची. फ्रान्सचा डी म्हणजे कठीण, ऑस्ट्रियाचा डी म्हणजे अतिशय कठीण. तिथेही गफलत होते.

शिवाय ऑस्ट्रियन ग्रेड ठरते ती मार्गातल्या सर्वांत अवघड तुकड्यावरून. म्हणून टोपो, म्हणजे तुकड्यागणिक अक्षरं लिहिलेलं रेखाचित्र, नीट बघा. सी सुरुवातीलाच आहे की हात भरून आल्यावर तिसऱ्या तासाला? पावागडच्या पायऱ्यांनी पाय तयार होतात, हात नाही.

आणि कृपा करून एक विसरू नका. लोखंडी दोर आहे म्हणून पडलं तरी चालेल, असं मुळीच नाही. तुम्ही घसरत थेट खालच्या खुंटीपर्यंत येता. दोर लावून केलेल्या नेहमीच्या चढाईत फॉल फॅक्टर, म्हणजे पडण्याची उंची भागिले झटका घेणाऱ्या दोराची लांबी, फार तर २ असतो, इथे तो सहज त्याच्या वर जातो. तो झटका शोषायलाच सेटमध्ये, म्हणजे तुमचा कमरपट्टा लोखंडी दोराला जोडणाऱ्या साधनात, फाटत जाणारी पट्टी शिवलेली असते. म्हणून दोन खुंट्यांमध्ये एका वेळी एकच माणूस हवा, आणि साध्या स्लिंगवर, म्हणजे नुसत्या शिवलेल्या पट्ट्यावर, कधीही जाऊ नका.

तेव्हा पहिला मार्ग ऑस्ट्रियन ए किंवा बी निवडा. मुलांना नेणार असाल तर वजन बघा: आजच्या युरोपीय मानकाचे सेट ४० ते १२० किलोंसाठी असतात. त्याहून हलक्या मुलाला वरून जाणकार माणसानं वेगळा दोर द्यायलाच हवा.