पत्र्याचा डबा, भाग 3: सतरा मिलिमीटरचा घोटाळा

पत्र्याचा डबा स्वतः घरी करून पाहायचाय, म्हणून आधी एक जुना डबा उसवायला घेतला होता. त्याचं बूड अखेर उसवलं. जुन्या बाजारातून आणलेल्या त्या गंजक्या बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावरच्या चित्रात दीडच घोडा शिल्लक होता, म्हणून जीव धजला. पातळ स्क्रूड्रायव्हर आणि पकड घेऊन कड सेंटिमीटर-सेंटिमीटरने उलगडत गेलो. दीड तास गेला आणि एक बोट कापलं.

आत काय, तर बुडाची कड आणि अंगाची कड एकमेकींत अडकवून दाबलेल्या, करंजीच्या मुरडीसारख्या. डाख कुठेच नाही. आणि मुरडीच्या पोटात, कधी उजेडच न पाहिलेल्या भागावरही नक्षी छापलेली, रंग अगदी ताजा. छपाई आधी सपाट पत्र्यावर होते आणि डबा नंतर वळतो, हे वाचलेलं होतं. डोळ्यांनी आत्ता पाहिलं.

पत्रा म्हणजे पोलाद, वर कथलाचा पातळ मुलामा. घरच्या पितळी भांड्यांना कल्हई करतात तेच कथील. पत्रा कागदासारखी शाई पीत नाही, म्हणून ती भट्टीत तापवून किंवा हल्ली अतिनील प्रकाशाने पक्की करतात. आधी पांढरा थर, मग रंग, शेवटी वार्निश. ही शाई नुसती चिकटून भागत नाही. पत्रा वाकला की तिलाही वाकता आलं पाहिजे, नाहीतर कोपऱ्यावर तडकते आणि गंज तिथूनच शिरतो. माझ्या डब्याचे चारही कोपरे त्याचे साक्षीदार आहेत.

भिंगाखाली आणखी एक गंमत दिसली. घोड्याच्या लगामाचा सोनेरी रंग सोनेरी शाईचा नाहीच. तिथे पांढरा थर मुद्दाम सोडलाय आणि चकचकीत पत्र्यावर पिवळसर पारदर्शक लाख दिलीय. चमक सगळी कथलाची!

छपाईवाल्या मित्रांना चिडवायला एक मुद्दा: ऑफसेट (चित्र थेट न छापता मधल्या रुळावर घेऊन मग उमटवायचं तंत्र) आधी पत्र्यावर आलं, कागदावर नंतर. लंडनच्या रॉबर्ट बार्कलेने 1875 साली पत्र्यासाठी त्याचं पेटंट घेतलं. छपाईच्या दगडावर काढलेलं चित्र थेट कडक पत्र्यावर नीट उमटेना, म्हणून त्याने मध्ये पुठ्ठा गुंडाळलेला रूळ घातला, रबर त्यानंतरचं. कागदाची पाळी आली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या हंटली अँड पामर्स या बिस्किट कंपनीचे नक्षीदार बिस्किटांचे डबे याच तंत्रावर गाजले.

आता माझं काम. कच्चा माल म्हणून पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा. माप 100 × 70 मिलिमीटर, उंची 40. परिघ 340, त्यात उभ्या सांध्याच्या घडीसाठी 12 (घडी 4 मिलिमीटरची, तिच्या तिप्पट). 352 चा पट्टा कापला, 20 मिलिमीटर व्यासाच्या पाइपावर कोपरे वळवले, आणि बूड ठेवून पाहिलं तर आत खुळखुळतंय. गोल कोपऱ्यांनी परिघ घटतो, हे डोक्यातच नव्हतं! त्रिज्या 10 धरली तर परिघ 323 च भरतो. म्हणजे 17 मिलिमीटर जादा. शाळेत भूमितीत बरे मार्क होते, हे कुठे बोलू नये. दुसरा पट्टा 335 चा कापला, तो बसला.

झाकण ठोकून करायला गेलो तर कोपऱ्यांना चुण्या पडल्या. कारखान्यातला साचा पत्रा खेचताना त्याच्या कडा वरून दाबून धरतो, म्हणून तिथे चुणी पडत नाही. मीही पत्रा दोन लाकडी ठोकळ्यांत आवळला आणि थोडं थोडं ठोकत गेलो. चौथं झाकण बरं जमलं. कड आत गुंडाळली, आता बोट फिरवलं तरी कापत नाही. बसतंही घट्ट.

बुडाची मुरड मात्र हाताने दाबली जात नाही. लहान रूळ हवेत, ते लेथवर करून घ्यायचेत. कोणाकडे जुने पडून असतील तर कळवा. तूर्तास माझ्याकडे झकास झाकणाचा, पण बिनबुडाचा डबा आहे.