येळवशीची रात्र आणि अंतराळातलं जनावर

लातूर-धाराशिव भागात येळवस म्हणजे शेतात जायचा दिवस. कडब्याची कोप, तिच्यात पुजलेले पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं एखाद्या दिवाळीला येणार नाहीत, पण येळवशीला गावात हजर. गावातल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनाला म्हणूनच याहून सोयीचा दिवस नाही. आणि मार्गशीर्षातली अमावस्या असल्यामुळे मैदानात पडदा लावायला याहून चांगली रात्रही नाही. शाळेच्या त्या मैदानात किती तरी सिनेमे लागले, पण जुनी माणसं भेटली की विषय निघतो तो ‘एलियन’चाच.

१९७९ चा सिनेमा. दिग्दर्शक रिडली स्कॉट, पटकथा डॅन ओ’बॅनन यांची. नोस्ट्रोमो नावाचं मालवाहू यान, त्यावर सात माणसं आणि जोन्स नावाचा तांबडा बोका. परतीच्या वाटेवर एका अनोळखी ग्रहावरून हाक ऐकू येते, ती बघायला उतरतात आणि येताना जनावर घेऊन येतात. गोष्ट एवढीच. मैदानातल्या प्रेक्षकांनीही त्याला पहिल्यापासून ‘जनावर’च म्हटलं. आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘जनावर निघालंय’ म्हणतात. त्या शब्दात जी धास्ती आहे, तीच या सिनेमात आहे.

जनावर पूर्ण दिसतं ते सबंध सिनेमात मोजकी काही मिनिटंच. रबरी पोशाखाच्या आत बोलाजी बादेजो हा जवळपास सात फूट उंचीचा नायजेरियन तरुण होता. उजेडात धरलं तर माणूस ओळखू येणार, हे स्कॉट यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून कधी नुसतं डोकं, कधी जबडा, कधी पाइपांच्या जाळ्यात दडलेलं अंग. चित्रकार एच. आर. गीगर यांनी जनावराला रूपच असं दिलं की यानाच्या नळ्या कुठं संपतात आणि अंग कुठं सुरू होतं, हे कळू नये. हा सगळा खेळ काळ्या रंगावर उभा आहे. पडद्यावर काळं काळं राहिलं नाही, करडं झालं, तर सिनेमा तिथंच संपला.

म्हणून तयारी अंधाराची. पडद्याची पाठ रस्त्याकडे, म्हणजे गाड्यांचे दिवे कापडावर येत नाहीत. मैदानाकडचे दोन-तीन दिवे सांगून बंद करून घ्यायचे. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण पश्चिमेची फट सव्वासातपर्यंत बुजत नाही. इकडं रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी. सिनेमा ११७ मिनिटांचा. पावणेआठला सुरू केला तर नऊ बेचाळीसला संपतो, हातात अठरा मिनिटं राहतात. सत्कार, अहवालवाचन, शालांत परीक्षेतल्या मुलांची बक्षिसं हे सगळं सातच्या आत उरकलं पाहिजे, आणि या एका रात्री ते उरकायचं! दाखवण्याची रीतसर परवानगी मात्र महिनाभर आधी मागावी लागते.

पडद्याच्या मापावरून दरवर्षी वाद. कापड मोठं असलं की गर्दी खूश होते, पण प्रोजेक्टर तोच. तीन हजार लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर सोळा बाय नऊ फुटांवर टाकला तर चौरस फुटाला वीसेक लुमेन पडतात. तोच चोवीस फूट रुंदीवर टाकला की नऊ. हाणामारीचा, गाण्यांचा सिनेमा नवावरही चालतो. ‘एलियन’ चालत नाही, अंधारातलं अर्धं अधिक दिसतच नाही. शेवटी सोळा फूट ठरलं आणि तेच बरोबर होतं. कापड मांजरपाटाचं, दुहेरी. एकेरी असलं की उजेड आरपार जातो आणि मागं बसलेल्यांना उलटं चित्र दिसतं. बांबूच्या चौकटीला ते सुतळीनं आवळून बांधायचं नाही. वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि काजं फाटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून फुटाफुटावर बांधल्या की झुळूक आली तरी कापड मागं जाऊन परत ताठ होतं.

सिनेमाची चौकट लांबट आहे, उंचीच्या जवळपास दोन पूर्णांक चार पट रुंद. सोळा फुटांच्या पडद्यावर चित्राची उंची भरते सहा फूट आठ इंच. वरखाली चौदा-चौदा इंचांचे पट्टे रिकामे राहतात आणि प्रोजेक्टरचा ‘काळा’ तिथं राखाडी दिसतो. काळं कापड टाचलं की चित्र एकदम उठून येतं. पण संवादांच्या मराठी ओळी, म्हणजे सबटायटल, खालच्या पट्ट्यात लावलेल्या असल्या तर त्याच काळ्या कापडावर पडतात आणि कुणालाच वाचता येत नाहीत! त्यासाठी ओळी चित्राच्या आत, तळापासून थोड्या वर घ्यायच्या. रंग शुभ्र नको. अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर पांढरी अक्षरं टॉर्चसारखी येतात आणि मागचं जनावर विरून जातं. फिकट करडा बरा. आणखी एक, ज्या लॅपटॉपवरून दाखवणार त्याच्यावरच सगळ्या ओळी आधी चालवून बघाव्यात. काही प्लेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटतात.

त्या ओळींचं काम मंडळातल्या पोरांनी मनापासून केलं. यंत्रखोलीतले पार्कर आणि ब्रेट सुरुवातीपासून पैशांवरून कुरकुरत असतात, कारण त्यांना बाकीच्यांच्या निम्मा हिस्सा. ग्रहावर उतरायला ते तयार नसतात. तेव्हा यानावरचा विज्ञान अधिकारी ॲश करारातलं कलम दाखवतो: हाकेचा तपास केला नाही तर सगळ्यांचा सगळा हिस्सा जप्त. मराठीत इथं ‘उचल’, ‘मुकादम’ हे शब्द आले आणि मैदानात चुळबुळ थांबली. ज्यांच्या घरातले कोयते दर दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्याला जातात, त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. पुढं कंपनीचा गुप्त हुकूम उघडा पडतो, जनावर आणा, माणसं गेली तरी चालतील. त्या ओळीला जी शांतता पसरायची, ती छातीतून जनावर फुटतानासुद्धा नसायची. या सिनेमाचं खरं भय तिथं आहे, असं ठामपणे वाटतं.

आवाजाचं गणित वेगळं. भजनाला, भाषणाला लागणारे भोंगे इथं निकामी. भोंगा माणसाचा आवाज लांब फेकतो, पण खालचा घुमारा त्याच्यातून येतच नाही. या सिनेमात यानाची घरघर सतत चालू असते, मध्येच छातीच्या ठोक्यासारखं काहीतरी, आणि जेरी गोल्डस्मिथ यांचं संगीत त्याच्यात कुठून शिरतं कळत नाही. पंधरा इंची वूफरचे दोन बॉक्स शाळेच्या भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवले की भिंतच घुमारा वाढवून देते. आवाजाची पातळी सुरुवातीच्या शांत मिनिटांवर ठरवायची नाही. यानावरचे सगळे झोपेतून उठून जेवायला बसतात, एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, त्या प्रसंगावर ठरवायची. तिथलं बोलणं मागच्या सतरंजीला कळलं की बटण सोडायचं, पुढच्या किंकाळीला हात लावायचा नाही.

विजेचा भरवसा नसतोच. जनरेटर शाळेच्या मागं, शंभर फुटांवर, नाहीतर त्याचीच घरघर यानाच्या घरघरीत मिसळते. पण जनरेटर चालू व्हायला मिनिट लागतं आणि तेवढ्यात प्रोजेक्टर झटक्यानं बंद पडला तर आतला पंखा थांबतो, दिवा तापलेला राहतो आणि गार झाल्याशिवाय पेटत नाही. साधा यूपीएस फक्त प्रोजेक्टरला जोडायचा, ॲम्प्लिफायरला नाही. आवाज मिनिटभर गेला तर चालतं.

मध्यंतर द्यायचं नाही. चहा आधी आणि नंतर. यानावरच्या केनच्या छातीतून जनावर फुटतं ते साधारण मध्यावर, आणि तिथं थांबायचा मोह होतो. कलाकारांना काहीतरी फुटणार हे माहीत होतं, पण रक्त किती उडेल हे नव्हतं. अभिनेत्री व्हेरोनिका कार्टराइटच्या तोंडावर चिळकांडी आली तेव्हाचं तिचं दचकणं खरं आहे. पण तिथं चहा दिला की लोक हसतात, बोलतात, सैल होतात, आणि पुढचा ब्रेटचा प्रसंग वाया जातो.

तो प्रसंग म्हणजे या रात्रीचा जीव. ब्रेट बोक्याला शोधत एकटाच मोठ्या दालनात येतो. वरून साखळ्या लोंबताहेत, एकमेकींवर हळू वाजताहेत. छतातून पाणी ठिबकतंय. तो टोपी काढतो, तोंड वर करतो आणि ते पाणी चेहऱ्यावर घेतो. घाई नाही, संगीत नाही. मैदानात थंडी पडलेली, गोधड्या गळ्यापर्यंत ओढलेल्या, आंबिलीनं जड झालेले डोळे टक्क उघडे. बोका फिस्कारतो, त्याची नजर ब्रेटच्या मागं जाते. ज्यांनी आधी पाहिलंय तेसुद्धा मान वळवून मागच्या अंधाराकडं बघायचे. मैदानाला भिंत नव्हती, मागं नुसती तूर होती.

लहान मुलांना मात्र त्याआधीच आजीबरोबर घरी पाठवायचं. हा सिनेमा त्यांच्यासाठी नाही.

२००३ मध्ये आलेली दिग्दर्शकाची आवृत्ती मिनिटभर आखूड आहे. त्यात यान उडवायची उलटी मोजणी चालू असताना नायिका रिप्लीला कोशात अडकलेला कप्तान डॅलस सापडतो. प्रसंग चांगलाच आहे, पण धावती रिप्ली थांबते आणि छातीतली धडधडही थांबते. मैदानासाठी १९७९ चीच आवृत्ती लावावी. उजेड झाल्यावर गप्पा रंगायच्या त्या कारागिरीवर. सापडलेलं परकं यान भव्य वाटावं म्हणून लहान मुलांना अंतराळपोशाख घालून चालवलं होतं, चेहऱ्याला चिकटणाऱ्या जनावराच्या पोटात कालवं-शिंपल्यांचं मांस भरलं होतं, यंत्रमानव निघालेल्या ॲशच्या अंगातलं पांढरं रक्त म्हणजे दूध होतं. त्या वर्षीचं दृश्य परिणामांचं ऑस्कर याच सिनेमाला मिळालं. संगणकाचं काम म्हणाल तर पडद्यावरच्या रेषांपुरतं. हाताने केलेल्या कामाला गावातली माणसं वेगळ्याच आपुलकीनं दाद देतात.

पडदा त्या रात्री उतरवायचा नाही. दहिवरानं कापड ओलं झालेलं असतं, तसंच घडी घातलं तर आठवड्यात काळे ठिपके पडतात आणि पुढच्या येळवशीला ते ठिपके अंतराळात ताऱ्यांच्या उलटे दिसतात. सकाळी दहापर्यंत ऊन खाऊ द्यायचं, मग दोघांनी धरून झटकायचं, घडी न घालता बांबूवर गुंडाळायचं आणि शाळेच्या माळ्यावर आडवं ठेवायचं. ट्यूबच्या पट्ट्या मोजून डब्यात. पन्नास असतात, दोन-चार दरवर्षी तुटतात.