शेजारच्या खुर्चीतला झिमर

शुक्रवार, रात्री उशिरा

बेसबॉलच्या संघात मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, आणि सगळे कोच खेळाडूंसारखाच गणवेश घालतात, याचं मला अजूनही हसू येतं. साठी उलटलेली, पोट सुटलेली, गुडघ्यावर हात ठेवून उठणारी माणसं, अंगात तीच जर्सी आणि पाठीवर नंबर. लेकीकडे टॅम्पाला पहिल्यांदा गेले तेव्हा जावयानं सेंट पीटर्सबर्गला रेज संघाचा सामना बघायला नेलं होतं. खेळ काडीचा कळला नाही. पण संघानं कायमचे निवृत्त केलेले जे नंबर तिथे झळकत होते त्यात ६६ दिसला, म्हणून विचारलं की एवढा मोठा आकडा कोणाचा? जावई म्हणाला, "आई, तो खेळाडूचा नाहीच. एका म्हाताऱ्या कोचचा आहे. दर वर्षी एकानं वाढायचा तो."

तेव्हापासून डॉन झिमर माझ्या डोक्यात आहे. आज दुपारभर पुन्हा त्याचंच वाचत बसले, वामकुक्षी बुडाली. लिहून टाकते, म्हणजे झोप तरी लागेल.

नंबराचा हिशेब सरळ आहे. १९४९ साली, अठराव्या वर्षी, ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला करारावर घेतलं. २००४ मध्ये टॅम्पाच्या संघात सल्लागार म्हणून आला तेव्हा त्याचं बेसबॉलमधलं छप्पन्नावं वर्ष होतं, म्हणून पाठीवर ५६. पुढच्या साली ५७. असं करत ६६ पर्यंत पोचला आणि ४ जून २०१४ ला, त्र्याऐंशीव्या वर्षी गेला. बेसबॉलबाहेरचा एक पैसा पगार म्हणून घेतला नाही, हे तो अभिमानानं सांगायचा.

हे सगळं १९५३ सालीच संपायचं होतं, खरं तर. डॉजर्सच्या खालच्या पायरीच्या संघाकडून, सेंट पॉलकडून खेळताना एक चेंडू सरळ डोक्यात बसला. तेव्हा बॅटरच्या डोक्यावर नुसती कापडी टोपी असायची. जवळपास दोन आठवडे बेशुद्ध. मेंदूवरचा दाब कमी करायला कवटीला भोकं पाडली आणि मग ती टँटलम नावाच्या धातूच्या बुचांनी बंद केली. लोक जन्मभर म्हणत राहिले की झिमरच्या डोक्यात लोखंडी पत्रा आहे, आणि तो जन्मभर सांगत राहिला की पत्रा नाही, बुचं आहेत. आमच्या पिढीला असं काही वाचलं की १९६२ चं बार्बाडोस आणि नरी कॉन्ट्रॅक्टर आठवतातच. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. झिमर मात्र पुढच्याच वर्षी डॉजर्सच्या मुख्य संघात आला. आणि १९५६ मध्ये परत चेंडू लागून गालाचं हाड मोडलं. बाई गं. त्याच्या आईचं काय झालं असेल.

खेळाडू म्हणून बेताचाच. १९५५ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाचा विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेच्या, शेवटच्या, सातव्या सामन्यात त्याला मध्येच बाहेर काढून दुसऱ्याला बॅटिंगला पाठवलं. त्यामुळे क्षेत्ररक्षणात अदलाबदल झाली, डाव्या बाजूला सँडी अमोरोस आला, आणि त्यानं योगी बेराचा जाताजाता निसटणारा झेल धावत जाऊन असा पकडला की ब्रुकलिननं पहिलंवहिलं विजेतेपद जिंकलं. झिमर म्हणायचा, मला बाहेर काढलं म्हणून जिंकलो, म्हणजे श्रेय माझंच. १९६२ मध्ये नव्या मेट्स संघात लागोपाठ ३४ वेळा एकही हिट, म्हणजे बेसवर पोचवणारा फटका, नाही. शेवटी एकदाची हिट बसली आणि दोनेक दिवसांत त्याला सिनसिनाटीला देऊन टाकलं. मग ह्याची मल्लिनाथी, की हा जरा फॉर्मात आलाय तोवरच विकून टाकावा असं त्यांना वाटलं असणार.

मला मात्र त्याच्या नंतरच्या आयुष्यात जास्त रस आहे. मी तेवीस वर्षं उपमुख्याध्यापिका होते. वेळापत्रक, बदली तास, कोणत्या पोराच्या घरी काय चाललंय, कोणत्या शिक्षिकेला शेवटचा तास देऊन चालत नाही, हे सगळं माझ्याकडे. सही मात्र शेजारच्या खुर्चीतल्या माणसाची. म्हणून दुसऱ्या नंबरची माणसं मला लांबून ओळखू येतात.

झिमर पहिल्या नंबरवर, म्हणजे मॅनेजर म्हणून, चार ठिकाणी बसला: सॅन डिएगो, बॉस्टन, टेक्सस, शिकागो. ८८५ सामने जिंकले, ८५८ हरले, आणि चारही ठिकाणांहून त्याला काढलं. टेक्ससमध्ये तर कहर. १९८२ मध्ये मालकानं सांगितलं की तुला काढलंय, पण पुढचे दोन-तीन दिवस सामने तूच सांभाळ. आणि ह्यानं सांभाळले! मी असते तर चाव्या टेबलावर टाकून निघाले असते. (नसते निघाले. माहीत आहे मला.)

बॉस्टनचं दुखणं सगळ्यात मोठं. तिथे आधी तो थर्ड बेसचा कोच होता, म्हणजे धावणाऱ्याला थांब की पळ हे ओरडून सांगणारा. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, नववी इनिंग, बरोबरीची धावसंख्या, एक धाव निघाली की जिंकले. छोटासा उंच फटका गेला. झिमर ओरडला, "नो, नो, नो!" गर्दीच्या गोंगाटात थर्ड बेसवरच्या डेनी डॉयलला ऐकू आलं, "गो, गो, गो!" तो पळाला आणि आउट झाला. बाराव्या इनिंगला बॉस्टनच्या फिस्कच्या होमरननं, म्हणजे थेट मैदानाबाहेर घातलेल्या फटक्यानं, तो सामना जिंकला म्हणून झिमर त्या दिवशी वाचला.

१९७८ मध्ये मॅनेजर असताना कोणी वाचवलं नाही. जुलैमध्ये बॉस्टनचे रेड सॉक्स न्यूयॉर्कच्या यांकीजपेक्षा चौदा सामन्यांनी पुढे होते. ते सगळं गमावलं. शेवटी दोन्ही संघ ९९ विजयांवर आले आणि २ ऑक्टोबरला एका जादा सामन्यावर निकाल ठरला. त्यात बकी डेंट नावाच्या, होमरनसाठी मुळीच प्रसिद्ध नसलेल्या यांकीजच्या खेळाडूनं बॉस्टनच्या मैदानातल्या डाव्या बाजूच्या उंच भिंतीवरून चेंडू घालवला. जावई बॉस्टनला शिकलेला. तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता, पण दुखणं वारशानं आलंय. त्याचं म्हणणं एकच: कोपरात हाडाचे तुकडे मोकळे झालेल्या हॉब्सनला थर्ड बेसवर खेळवत ठेवणं हा हट्ट होता. त्या हंगामात हॉब्सनच्या हातून ४३ चुका झाल्या. बरोबर आहे त्याचं. झिमर हट्टीच होता. आपल्या माणसावर एकदा विश्वास टाकला की काढून घेत नसे, आणि ज्यांच्याशी पटत नसे अशा पिचरांना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, कुजवत ठेवायचा.

पुढचं वाचून मी दुपारी एकटीच मोठ्यानं हसले. १९८३ मध्ये झिमर यांकीजकडेच कोच म्हणून गेला आणि न्यू जर्सीत भाड्यानं घर घेतलं. ते घर बकी डेंटचं! डेंटला तोवर टेक्ससला पाठवलं होतं. भिंतींवर सगळीकडे त्या होमरनचे फोटो. झिमरनं सगळे फोटो उलटे करून टाकले.

शिकागोत १९८९ ला चांगलं जमलं, तिथल्या कब्ज संघाला ९३ सामने जिंकून दिले, वर्षातला सर्वोत्तम मॅनेजरही ठरला. पण ते सोडून मी १९९५ कडे येते. कोलोराडोमध्ये कोच असताना, एक दिवस सामना चालू असतानाच उठला, कपडे बदलले आणि घरी गेला. निवृत्त! पुढच्याच हंगामात यांकीजचा नवा मॅनेजर जो टोरीनं त्याला शेजारी बसायला बोलावलं आणि हा परत गणवेश चढवून हजर.

बेंच कोच म्हणजे काय, हे मला जावयाला तीनदा विचारावं लागलं. मॅनेजरच्या शेजारी बसायचं, समोरचा काय करील ते आधी बोलून दाखवायचं, आणि ठरवायचं मात्र त्यानं. टोरी शांत, थंड डोक्याचा. झिमरला सतत काहीतरी करून बघायची खाज: धावणाऱ्याला आधीच पळव, इथे बंट कर, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता हलकेच टेकव. बॉस्टनमध्ये जो हट्ट संघाला नडला तोच इथे कामाला आला, कारण आता नाही म्हणणारा शेजारी होता. १९९६, १९९८, १९९९, २०००, चार वर्ल्ड सिरीज जिंकल्या. १९९६ आधीचं यांकीजचं विजेतेपद कधीचं? १९७८ चं. झिमरच्याच हातून निसटलेलं. यांकीजचा खेळाडू डेरेक जिटर शुभशकुन म्हणून त्याच्या टकलावर हात फिरवायचा, त्याच बुचांच्या टकलावर. १९९९ मध्ये डगआउटमध्ये बसला असताना फाउल चेंडू येऊन डोक्याला लागला, तर दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या लष्करी हेल्मेट घालून बसला.

त्याच वर्षी टोरीला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि गुडघ्यानं बेजार झिमर प्रभारी झाला. २१ जिंकले, १५ हरले. आणि नोंदवहीत ते २१ विजय टोरीच्या नावावर आहेत. हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. मी प्रभारी होते त्या वर्षीचा दहावीचा निकाल फळ्यावर कोणाच्या नावाखाली आहे हे मी इथे लिहीत नाही. टोरी परतल्यावर झिमर काही न बोलता शेजारच्या खुर्चीत सरकला. मी दोन दिवस रजा टाकली होती.

२००३ मात्र मला बघवत नाही, आणि तरी बघते. ११ ऑक्टोबर, बॉस्टनचं मैदान. बॉस्टनचा पिचर पेद्रो मार्टिनेझ याचा एक चेंडू यांकीजच्या बॅटरला मानेपाशी लागतो. बाचाबाचीत पेद्रो यांकीजच्या कॅचरकडे (आपल्या यष्टिरक्षकासारखा) बघून स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवतो. नंतर तो म्हणाला की मी लक्षात ठेवीन एवढंच सांगत होतो. पण बाकावरून ते बघणाऱ्या माणसाच्या कवटीला भोकं पाडलेली होती. थोड्या वेळानं दोन्ही संघ मैदानात उतरतात, आणि बहात्तर वर्षांचा झिमर दुडुदुडु धावत थेट पेद्रोवर जातो. पेद्रो त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरतो आणि बाजूला ढकलतो. टोपी एकीकडे, म्हातारा दुसरीकडे. लोक पेद्रोला शिव्या घालतात; मला वाटतं अंगावर आलेला बैल कोणीही असाच चुकवील. दुसऱ्या दिवशी झिमरनं पत्रकारांसमोर रडत माफी मागितली. चूक त्याचीच होती आणि त्यानं ती दुसऱ्या कोणावर ढकलली नाही.

त्याच्या बायकोबद्दल थोडंच मिळतं. जीन. १९५१ मध्ये एल्मायरा गावात मैदानातल्या होम प्लेटवरच, जिथे बॅटर उभा राहतो तिथे, लग्न लागलं, खेळाडूंनी बॅटींची कमान धरली होती. मग ब्रुकलिन, लॉस एंजेलिस, शिकागो, मध्ये एक वर्ष जपान, माँट्रियल, सॅन डिएगो, बॉस्टन, अजून कुठे कुठे. पोरांच्या शाळा कशा सांभाळल्या असतील तिनं? त्याबद्दल कोणाला विचारावंसं वाटलेलं दिसत नाही. मला तिच्याशी तासभर बोलायला आवडलं असतं.

बेसबॉलच्या थोरांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये झिमर नाही. मघाशी फोनवर जावयाला म्हटलं, कोच लोकांसाठी वेगळी जागा नको का? तो म्हणाला, "आई, हॉब्सनला बसवला असता तर मॅनेजर म्हणूनच गेला असता." आता ह्याच्याशी कोण वाद घालणार. उद्या रविवारच्या पोळ्यांचं कणीक मळायला बाई येणार नाहीये, सकाळी लवकर उठायला हवं. नाही, उद्या शनिवारच आहे.