तारीख, मीठ आणि मानशीपासूनचे अंतर

कोरगुट या गोव्यातल्या मीठ सोसणाऱ्या भाताच्या पानातून डीएनए काढून त्याचे सिक्वेन्सिंग करून घेणे, म्हणजे त्याचा क्रम वाचून घेणे, आता फारसे अवघड राहिलेले नाही. बियाणे जपलेले असेल तर दहा वर्षांनी पुन्हाही करता येईल. पण ते भात कुठल्या खाजनात उभे होते, तेव्हा मातीत मीठ किती होते, बांध धड होता की फुटलेला, हे त्याच दिवशी लिहून घ्यावे लागते. राहून गेले तर पुढे कुठलेही यंत्र ते काढून देत नाही. गोव्यात भातावर काम करणाऱ्या एका गटात मी या नोंदी सांभाळते. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षांत भरलेले तक्ते एकमेकांशी जुळवायचे, हे माझे रोजचे काम.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. खाजन म्हणजे खाडीकाठची सखल शेते, बांध घालून भरतीपासून राखलेली. पाण्याची ये-जा मानशीच्या, म्हणजे बांधात बसवलेल्या झडपेच्या, दारातून होते. भरती चढली की दार पाण्याच्या दाबाने मिटते, ओहोटीला उघडते. मे महिन्यात जमीन तापून मीठ वर आलेले असते, मग मिरगाचा पाऊस ते धुऊन नेतो आणि भात रुजते. म्हणजे एकाच शेताची माती मेमध्ये एक सांगते आणि नोव्हेंबरमध्ये दुसरेच.

आता एखाद्या तक्त्यात तारीख दिसते ०५/११. ही ५ नोव्हेंबर की ११ मे? आपल्याकडे दिवस आधी लिहितात, पण काही यंत्रांची सॉफ्टवेअर महिना आधी टाकतात, आणि एक्सेल संगणकाच्या सेटिंगप्रमाणे गुपचूप अर्थ लावून मोकळे होते. इतरत्र ही किरकोळ गफलत ठरेल. खाजनात तिने अभ्यासाचा निष्कर्षच फिरतो, कारण मीठ सोसणारे वाण आणि मीठ नसताना वाढलेले वाण यांची सरमिसळ होते. वर्ष-महिना-दिवस हा आंतरराष्ट्रीय क्रम, उदाहरणार्थ २०१९-०५-११, मी सगळ्यांच्या मागे लागून लागून पाळायला लावते तो याचसाठी.

जागेचेही तसेच. चोडण बेट साधारण १५ अंश ३२ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ५२ मिनिटे पूर्व इथे येते. जुन्या वहीत कुणी ते अंश-मिनिटांत नीट लिहिलेले असते. टंकताना त्याचे १५.३२ आणि ७३.५२ होते, आणि संगणक ते दशांश अंश समजतो. खरे दशांश आकडे १५.५३ आणि ७३.८७ यांच्या आसपास हवेत. नकाशावर टाकल्यावर चोडणचे भात किनाऱ्यापासून कितीतरी दूर, भर अरबी समुद्रात दिसते. समुद्रात दिसले म्हणून निदान कळते तरी. चूक लहान असेल तर नमुना दुसऱ्याच शेतात जाऊन बसतो आणि कुणाला शंकाही येत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मिठाच्या आकड्याची. मातीची विद्युतवाहकता, म्हणजे आम्ही सगळे ईसी म्हणतो ती, जुन्या कागदांवर मिलीम्हो प्रति सेंटिमीटरमध्ये असते आणि नव्या कागदांवर डेसीसायमन प्रति मीटरमध्ये. नावे वेगळी असली तरी आकडा तोच राहतो, तिथे काही बिघडत नाही. बिघडते ते मोजण्याच्या पद्धतीने. माती पाण्याने पूर्ण भिजवून तिचा अर्क काढून मोजलेली ईसी आणि एक भाग मातीत अडीच भाग पाणी मिसळून मोजलेली ईसी यांची तुलनाच होऊ शकत नाही. दुसऱ्या पद्धतीत मीठ पातळ होते, म्हणून त्याच मातीचा आकडा कितीतरी कमी येतो. अर्काची ईसी ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात, आणि भाताचे उत्पन्न ३ च्या पुढेच घसरू लागते. मग रकान्यात नुसते १.८ लिहिलेले असेल तर ती जमीन गोडी की खारी? पद्धत लिहिलेली नसेल तर तो आकडा मी तुलनेत घेत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

जनुकांच्या बाजूला गोंधळ आहे, पण तो निस्तरता येतो. भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर सोडियमला पानांपर्यंत जाऊ न देणारे एक जनुक आहे, एसकेसी१. ते २००५ मध्ये शोधले गेले. जपानी यादीत त्याचा क्रमांक ओएस०१जी०३०७५००, तर अमेरिकी यादीत एलओसी_ओएस०१जी२०१६०. २०१३ मध्ये दोन्हींसाठी निप्पोनबारे वाणाचा एकच संदर्भ जीनोम (ज्याच्याशी बाकीचे ताडून पाहायचे तो संपूर्ण डीएनए क्रम) ठरला, क्रमांक मात्र दोनच राहिले. जुळवणीचा तक्ता उपलब्ध असल्यामुळे एका दुपारीत काम उरकते. (माणसांच्या जनुकांवर काम करणाऱ्यांचे दुखणे वेगळे: मार्च१ सारख्या नावांची एक्सेल तारीख करून टाकायचे, म्हणून २०२० मध्ये ती नावेच बदलण्याचे जाहीर झाले.)

एकत्र यायचे ठरवले तर काय होते हे पाहायचे असेल तर अमेरिकेची जेनबँक, युरोपची ईएनए आणि जपानची डीडीबीजे या डीएनए क्रमांच्या तीन सार्वजनिक साठ्यांकडे बघा. एका ठिकाणी दिलेला डीएनए क्रम तिन्ही ठिकाणी त्याच क्रमांकाने सापडतो. २०२३ पासून नव्या नमुन्यांसोबत देश आणि गोळा केल्याची तारीख त्यांनी सक्तीची केली. फरिदाबादला २०२२ मध्ये आपले भारतीय जैविक माहिती केंद्रही उभे राहिले. हे सगळे मला मनापासून हवेसे वाटते. तरीही देशाच्या रकान्यात ‘भारत’ लिहून खाजनाबद्दल काहीच कळत नाही. जीनोमिक स्टँडर्ड्स कन्सॉर्शियम या अशा नोंदींचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या ‘मिक्स’ या नमुना-तक्त्यात परिसर, जागा आणि माध्यम असे वेगळे रकाने आहेत. आम्ही ते जसेच्या तसे घेतले, एकाचेही नाव बदलले नाही.

त्यांच्या शेजारी आमचा एक रकाना वाढवला, तोही एका वयस्क शेतकऱ्यामुळे. नमुने घेताना ते बांधावरून म्हणाले, “बाय, मानशीकडचे एक रोप घे आणि वरच्या कुणग्यातले एक घे. दोन्ही कोरगुटच, पण वरच्याला मीठ ठाऊक नाही.” (कुणगा म्हणजे शेताचा तुकडा.) आमच्या तक्त्यात दोन्ही रोपांचे गाव एक, वाण एक, तारीख एक. ते बोलले नसते तर ती दोन रोपे कायमची सारखीच ठरली असती. आता ‘मानशीपासूनचे अंतर, मीटरमध्ये’ हा रकाना भरल्याशिवाय आमच्याकडे नमुना स्वीकारला जात नाही.

बांध फुटून पडीक राहिलेली खाजने वाढत आहेत, आणि तिथली बियाणी घरोघरच्या कणग्यांतून नाहीशी होत आहेत. चोडण, दिवाडी, मये किंवा कुठल्याही खाडीकाठच्या गावात कुणाच्या घरी कोमुनिदादीच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) किंवा कुळागराच्या (माडा-पोफळीच्या बागेच्या) जुन्या वह्या असतील, त्यात बांध कधी फुटला, मानस कधी बदलली, कुठल्या कुणग्यात काय पेरले असे काही लिहिलेले असेल, तर मला कळवा. पोर्तुगीजमध्ये असल्या तरी चालतील. वही तुमच्याच घरी राहू दे, मी येऊन पानांचे फोटो घेईन. मिरगाआधी झाले तर उत्तम.