तुम्ही विचारलंत म्हणून: मिरर कार्डावर की लिनक्सवर?

ऑफिससाठी सर्व्हर घेतोय, दोन डिस्क मिररला लावायच्यात, म्हणजे तोच डेटा दोन्हींवर; त्यासाठी रेड कार्ड (डिस्क एकत्र चालवणारं वेगळं हार्डवेअर) घेऊ की लिनक्समधलंच एमडी हे सॉफ्टवेअर पुरेल? उत्तर एका ओळीत हवं असतं. ते दिलं की लगेच पुढचा प्रश्न: "नक्की ना?" नक्की नाही. म्हणून एकदाच बैजवार लिहितो.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. बायोसमधून चालू होणारं मदरबोर्डचं 'रेड' तर विचारूही नका. त्यात सगळं काम ड्रायव्हर करतो. म्हणजे ते सॉफ्टवेअरच, फक्त त्या जातीच्या बोर्डांच्या दावणीला बांधलेलं. ईएसएक्सआय (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारी सिस्टिम) टाकणार असाल तर वादच नाही, त्यात सॉफ्टवेअर रेड नाही, कार्ड घ्या.

राहिला साधा लिनक्स सर्व्हर. पूर्वी मी ठासून सांगायचो, कार्डच घ्या. ऑपरेटिंग सिस्टिमला एकच डिस्क दिसते, बूटची कटकट नाही, पिवळा दिवा लागलेली डिस्क कुणीही ओढून बदलू शकतो. हे आजही खरं आहे. प्रोसेसरवर ताण पडत नाही असंही सांगायचो, ते मात्र मिररच्या बाबतीत पोकळ होतं. रेड ५ मध्ये गेलेला डेटा परत काढता यावा म्हणून पॅरिटीचा हिशेब असतो, तसा इथे नाहीच. तेच लिखाण दोन डिस्कवर जातं, बस्स. कार्डाचा खरा फायदा कॅशचा, म्हणजे लिखाण आधी झटपट टिपून घेणाऱ्या मेमरीचा, आणि तो ती मेमरी जपणारी बॅटरी शाबूत असेतो. बॅटरी थकली की कार्ड राइट-बॅकवरून (आधी कॅशमध्ये) राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर) येतं आणि "सर्व्हर एकदम स्लो झालाय" म्हणून फोन येतो.

पण माझा ठामपणा गेला तो एका हिशेबाच्या ऑफिसमधल्या सर्व्हरमुळे. २ टीबीच्या दोन डिस्क, मेगारेड कुळातलं कार्ड. डिस्क डेस्कटॉपच्या होत्या. अशी डिस्क खराब सेक्टर वाचायला मिनिट-दोन मिनिटं झटत बसते. सर्व्हरची डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करते. कार्ड तेवढं थांबत नाही. जूनमध्ये त्याने एक डिस्क मेली समजून मिररमधून बाहेर काढली आणि बोंबलायला लागलं. आवाजाचा त्रास होतो म्हणून कुणीतरी अलार्म बंद केला. मेल अलर्ट लावलेलाच नव्हता. पुढे आठ महिने सर्व्हर एकाच डिस्कवर चालला.

फेब्रुवारीत कार्ड गेलं. त्याच मॉडेलचं दुसरं आणून बसवलं, आणि बसवताना नेमकी चालू डिस्कची केबल सैल राहिली. नव्या कार्डाला जूनवाली तेवढी दिसली. स्क्रीनवर आलं: फॉरिन कॉन्फिगरेशन (दुसऱ्या कार्डाने डिस्कवर लिहिलेली मिररची नोंद) सापडलंय, इम्पोर्ट करायला एफ दाबा. दाबलं. सर्व्हर छान उठला, फक्त शेवटची नोंद जूनमधली. मग केबल सापडली. ती डिस्कही 'फॉरिन' दिसू लागली; तिच्यावरचं कॉन्फिगरेशन पुसून तिला स्पेअर (राखीव) केलं गेलं आणि रिबिल्ड (एका डिस्कवरून दुसरी पुन्हा भरणं) सुरू झाला. जुन्या डिस्कवरून नव्या नोंदींवर. १२ टक्क्यांवर लक्षात आलं आणि थांबवला. २ टीबीचे १२ टक्के म्हणजे सुरुवातीचे २४० जीबी गेले, आणि फाइल सिस्टिमची मुळं तिथेच असतात.

काय करायला हवं होतं? एफ दाबण्याआधी कार्डाच्या युटिलिटीत जाऊन प्रिव्ह्यू बघायचा आणि दोन डिस्कपैकी एकच का दिसते, ते शोधायचं. रिबिल्डला हात लावण्याआधी दोन्ही डिस्क बाहेर काढून डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने त्यांच्या हुबेहूब प्रती घ्यायच्या. दुरुस्तीवाल्याला दोष देऊ नका. ते कार्ड आणि ती ऑफिसची रचना सुचवली कुणी होती?

एमडीने वाचवलं असतं का? दोन्ही डिस्क दिसत असत्या तर हो. एमडी प्रत्येक डिस्कवर इव्हेंट काउंट (बदलांचा चालू आकडा) लिहून ठेवतं आणि मागे पडलेली डिस्क आत घेत नाही. पण एकटी जुनीच दिसली असती, तर डेबियनसारखी लिनक्स सिस्टिम थोडं थांबून तिच्यावरच उठली असती, आणि नंतर चालू डिस्क 'ॲड' केली की तोच सत्यानाश. फरक एवढाच की एमडी हाताळणाऱ्या एमडीएडीएम कमांडच्या एक्झामिनने शेवटच्या अपडेटची तारीख साध्या अक्षरांत दिसते, आणि डिस्क कुठल्याही लिनक्स मशीनला लावली तरी दिसते. तसलंच कार्ड शोधत हिंडायला नको. आज मी एमडीकडे झुकतो तो एवढ्यासाठीच.

झुकतो म्हणजे ते फुकट मिळतं असं नाही. ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू होताना आधी वाचला जाणारा डिस्कचा छोटा भाग) एमडी आपोआप मिरर करत नाही; दुसऱ्या डिस्कवरही ते बनवून बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) टाकावा लागतो, नाहीतर पहिली डिस्क गेल्यावर डेटा शाबूत आणि सर्व्हर मात्र आडवा. स्मार्टसीटीएल कमांडने ईआरसी, म्हणजे डिस्कने खराब सेक्टरवर झटण्याची मुदत, ७० ठेवा. एकक दशांश सेकंद, म्हणजे ७ सेकंद. बऱ्याच डिस्क बंद-चालू झाल्या की हे विसरतात, तेव्हा बूट स्क्रिप्टमध्येच घाला. डिस्क ऐकतच नसेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्कच्या उत्तरासाठी थांबतो ती ३० सेकंदांची मुदत १८० करा. मिररवर नजर ठेवणाऱ्या एमडीच्या मॉनिटर प्रोग्रामला मेल पत्ता द्या आणि टेस्ट मेल खरंच येतो का बघा. डिस्कच्या ट्रेवर तिचा सीरियल नंबर चिकटवा. मग एक डिस्क ओढून मशीन सुरू करा, ती परत लावून सिंक होऊ द्या, आणि दुसरी ओढून तेच करा. ४ टीबीच्या एका पूर्ण सिंकला सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने साधारण साडेसात तास लागतात, तेव्हा शनिवार धरा.

आणि त्या ऑफिसात मेल उघडणारं कुणी नव्हतंच. तिथे बोंबलणारं कार्डच बरं, असं अजूनही वाटतं. पण ते बोंबललं होतंच की.