सत्तावीस किलोमीटरच्या बेटावर चार दिवस

भूमध्य समुद्रातल्या माल्टा या बेटांच्या देशाचा नकाशा पहिल्यांदा बघितला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "हे तर एका दिवसात संपेल." मुख्य बेट लांबीला २७ किलोमीटर, रुंदीला साडेचौदा. शेजारची गोझो आणि कोमिनो धरली तरी अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जेमतेम निम्मा. म्हणून मी एक्सेल उघडलं आणि चार दिवसांत सतरा ठिकाणं ठासून भरली. त्यातली आठ झाली.

निमित्त सासूबाईंचं, म्हणजे आईंचं. त्या सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे म्युनिकला आल्या होत्या, आणि मार्चमधल्या जर्मनीच्या आभाळाला दोन आठवड्यांत कंटाळल्या होत्या. ऊन हवं, फार चालणं नको, पोटात जाईल असं शाकाहारी काहीतरी मिळायला हवं. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांत असल्यानं त्यांच्या व्हिसाला वेगळं काही लागणार नव्हतं, विमान अडीच तासांचं, आणि तिथे इंग्रजी ही एक राजभाषाच. मार्च निवडला ते योग्यच झालं. बेट हिरवं होतं, दगडी बांधांच्या कडेनं पिवळी फुलं होती आणि स्वेटर दुपारी काढून ठेवावा लागत होता. उन्हाळ्यात हेच बेट भाजून तपकिरी होतं म्हणे. एक आठवण मात्र आधी सांगून ठेवते: तिथले प्लग इंग्रजांच्या वेळचे, तीन जाड चौकोनी पिनांचे. जर्मनीतून गेलेल्या आमच्या तीन फोनना पहिल्या रात्री मिळून एकच अ‍ॅडॉप्टर होता.

राहायला राजधानी व्हॅलेटातच खोली घेतली, कारण बहुतेक बसगाड्या शहराच्या वेशीबाहेरच्या थांब्यावरून सुटतात. हिशेब बरोबर होता, फक्त त्याची दुसरी बाजू लक्षात आली नव्हती. एका गावातून शेजारच्या गावात जायचं असलं तरी बऱ्याचदा आधी व्हॅलेटाला यावं लागतं. नकाशावर बोटाच्या पेराएवढं अंतर, आणि गाडी प्रत्येक चर्चला वळसा घालत तासभर चाललेली. एका तिकिटावर दोन तास प्रवास करता येतो, आणि ते दोन तास आम्ही पुरेपूर वापरले. तेव्हा तुम्ही जाणार असाल तर दिवसाला एक दिशा धरा. सकाळी उत्तर आणि दुपारी दक्षिण असला हावरटपणा मी केला आणि एक अख्खी दुपार खिडकीतून ट्रॅफिक बघण्यात गेली.

व्हॅलेटा स्वतः एक चौरस किलोमीटरचंही नाही. १५६५ साली ऑटोमन तुर्कांच्या फौजेचा वेढा मोडून काढल्यावर सेंट जॉनच्या नाइट्सनी, म्हणजे तेव्हा इथे राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांच्या पंथानं, पुढच्याच वर्षी हे शहर बांधायला घेतलं. नाव त्यांच्या प्रमुखाचं, ग्रँड मास्टर ला व्हॅलेटचं. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, आणि बऱ्याच रस्त्यांच्या टोकाला समुद्राचा एक तुकडा. पण ते सरळ रस्ते टेकडीवर टाकलेत, त्यामुळे अर्ध्यांना पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर मधल्या मुख्य रस्त्याजवळच खोली घ्या. घरांना लाकडी, काचा लावलेले, हिरवे-लाल रंगवलेले बंद सज्जे. त्यांना माल्टीत म्हणतात 'गल्लारिया'. आई एकदम म्हणाल्या, "म्हणजे गॅलरीच की!"

मग तो खेळच झाला. माल्टी ही अरबीच्या पोटची भाषा, पण लिहितात रोमन लिपीत. नाक्यावरच्या किराणा दुकानात आम्ही दुकानदाराकडून शब्द वदवून घ्यायचो. साखर म्हणजे 'त्सोक्कोर', साबण म्हणजे 'सापून', नारिंग म्हणजे 'लारिंज'. जग म्हणजे 'दिनिया'. इतके कट्टर कॅथलिक लोक, आणि देवाला म्हणतात 'अल्ला'. आईंना हे पटायला दोन दिवस लागले.

सेंट जॉन्स को-कॅथीड्रल बाहेरून एखाद्या सरकारी गोदामासारखं दिसतं. आत गेलं की सोनंच सोनं. पण बघायची ती जमीन. नाइट्सच्या जवळजवळ ४०० समाध्या, रंगीत संगमरवर जोडून केलेल्या, वर सांगाडे, कवट्या, पंख लावलेली वाळूची घड्याळं. या फरशीसाठीच तिथे टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. आमची अडचण वेगळीच होती. आई कडेकडेनं, खांबांना धरून चालत होत्या. "कुणाच्या तरी समाधीवर पाय कसा द्यायचा गं?" पण त्या चर्चमध्ये समाधी नाही अशी जागाच नाही. शेवटी त्यांनी एकदा वाकून नमस्कार केला आणि मग चालल्या.

शेजारच्या दालनात इटालियन चित्रकार कॅराव्हाजिओचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे, १६०८ सालचं, पाच मीटरहून जास्त रुंद. रोममध्ये एकाचा खून करून पळालेला हा माणूस इथे येऊन नाइट झाला, आणि त्यानं सही केलेलं हे एकच चित्र. सहीसुद्धा मानेतून वाहिलेल्या रक्तात. मी ते सगळं वाचून गेले होते, म्हणून थेट सही शोधायला लागले. आईंनी काहीच वाचलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "ते उजवीकडे बघ, गजांच्या खिडकीतून दोघं जण बघताहेत." खरंच, चित्राचा उजवा अर्धा भाग जवळजवळ रिकामी भिंत, आणि तिच्यात डोकावणारे दोन कैदी. त्याच वर्षी चित्रकार स्वतः इथल्या किल्ल्यात कैद झाला, तिथून निसटला, आणि याच चित्रासमोर सभा भरवून नाइट्सनी त्याला त्याच्या पाठीमागे पंथातून काढून टाकलं. त्या दोन कैद्यांसमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. रविवारी इथे पर्यटकांना प्रवेश नसतो, तेवढं जपा.

सगळ्यात मोठी चूक हायपोजियमची. पावला गावाखाली खडकात खोदलेलं, पाच हजार वर्षांहून जुनं भूमिगत दफनस्थान. १९०२ साली घरं बांधताना मजुरांना सापडलं. हवेतल्या दमटपणानं आतले लाल रंग खराब होऊ नयेत म्हणून एका वेळी फक्त १० माणसं सोडतात. मी तीन आठवडे आधी बघितलं तर एकही जागा नाही. विमानाच्या आधी हे तिकीट काढा. आम्ही व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात तिथेच सापडलेली 'निजलेली बाई' बघून समाधान मानलं. मातीची, जेमतेम १२ सेंटिमीटरची, कुशीवर, हात उशाशी घेऊन इतकी शांत झोपलेली, की आम्ही कुजबुजतच बोलत होतो.

आता पोटाचं. माल्टाचा वडापाव म्हणजे पास्तित्सी: पापुद्र्यांच्या करंजीत रिकोटा चीज नाहीतर वाटाण्याचं सारण. वाटाण्याची बघून आईंचे डोळे चमकले. मटार करंजीच ती. पण थांबा. पारंपरिक पिठात डुकराची चरबी घालतात, आणि सारण शाकाहारी म्हणजे सगळं शाकाहारी असं तिथे कुणी धरत नाही. आम्ही प्रत्येक ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणी प्रामाणिकपणे "आहे" म्हणून सांगितलं, तिसऱ्या ठिकाणी मार्गारिन निघालं, आणि मग चारही दिवस नाश्ता तिथेच. सोबत काचेच्या ग्लासातला दाट दुधाचा चहा, 'ते फित्तात्सा'. जर्मनीत महिनाभर कोमट पाण्यात पिशवी बुडवून प्यायलेल्या बाईला तो ग्लास मिळाल्यावर काय झालं असेल, कल्पना करा.

बिगिल्ला नावाची वाटलेल्या फावा बीन्सची लसणीची चटणी आणि फ्तीरा नावाची कड्यासारखी भाकरी, एवढ्यावर एक जेवण सहज होतं. फ्तीऱ्यात बहुतेकदा ट्यूना असतो. "ट्यूना नको, ऑलिव्ह जास्त" म्हटलं की काम होतं. वेशीपाशी तळून देतात ती खजुराची इम्आरेत, आकार अगदी शंकरपाळीचा, बडीशेपेसारखा वास. (पीठ कशाचं, हे इथेही विचारायचं.) कडू संत्र्याचं किनी नावाचं सरबत १९५२ पासून इथे पितात. आईंच्या मते तो सोडा घातलेला काढा आहे. नवऱ्यानं एका संध्याकाळी ससा खाल्ला, आधी त्याच्या रश्श्यातली स्पॅगेटी, मग लसूण-वाइनमधलं मांस. आई शेजारीच बसून बिगिल्ला खात होत्या आणि ठरवून खिडकीबाहेर बघत होत्या.

रविवारी मार्साश्लॉकचा मासळीबाजार केला. गर्दी फार, आणि आता बाजारात मासे कमी नि टेबलक्लॉथ जास्त, पण बंदरातल्या निळ्या-पिवळ्या होड्यांसाठी जावंच. प्रत्येक होडीच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले. "दृष्ट लागू नये म्हणून," आईंनी कुणालाही न विचारता सांगून टाकलं. इम्दिना, ती तटबंदीतली जुनी राजधानी, छान आहे, तासाभरात होते.

शेवटचा दिवस गोझोचा. चिरकेव्वाहून बोट पंचवीस मिनिटांत पोचवते. जगंतियाची प्रचंड दगडी देवळं पिरॅमिडांहून जुनी, आणि श्वेयनीच्या किनाऱ्यावर खडकात खोदलेली मिठागरं. मीठ उन्हाळ्यात काढतात, आम्ही गेलो तेव्हा नुसत्या चौकोनी आरशांत ढग. ड्वेयराला ती प्रसिद्ध दगडी कमान मात्र शोधू नका, ८ मार्च २०१७ च्या वादळात ती समुद्रात गेली.

पण आईंचं लक्ष दिवसभर भलतीकडेच होतं. जाताना बोटीवर आम्हांला कुणी तिकीट मागितलंच नाही. तिथला नियमच तसा आहे, पैसे फक्त गोझोहून परतताना द्यायचे. मी समजावलं, नवऱ्यानं समजावलं. "म्हणजे आत्ता आपण विनातिकीट," एवढंच त्यांचं उत्तर. संध्याकाळी खिडकीवर त्या स्वतः पुढे झाल्या, तिन्ही तिकिटं घेतली, फाटकावर दाखवली, आणि तरी पंचवीस मिनिटं पर्स उघडी ठेवून, तिकिटं हातात धरून बसून राहिल्या, कुणी तपासायला येतंय का बघत.