जागलीवरची होंगदोऊ

हरभरा घाट्यांवर आला की आमच्याकडे माणसाची झोप जाते. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप शिरला तर एका रात्रीत अर्धं वावर तुडवून जातो, आणि उरलेलं डुकरं पाहून घेतात. म्हणून जानेवारीत मी रोज जागलीला. त्यात ओलिताची लाइन रात्रीची. दर तीन तासांनी उठून स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे, मधे टॉर्च फिरवायचा, डबा वाजवायचा, पुन्हा मचाणावर येऊन घोंगडीत शिरायचं. थंडी अशी की लोखंडी पाइपाला हात लावला की बोटं चिकटतात असं वाटतं.

अशा रात्रींमध्ये मी 'मीट युवरसेल्फ' ही चिनी मालिका पाहिली. शेतात नेटवर्क नाही. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून दोन भाग फोनमध्ये उतरवून घ्यायचो आणि रात्री पाहायचो. एकूण ४० भाग. खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती वाचत जायची.

मालिका २०२३ च्या जानेवारीत आली. शू होंगदोऊ ही बीजिंगच्या मोठ्या हॉटेलात काम करणारी मुलगी. तिची जिवाभावाची मैत्रीण चेन नानशिंग स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं जाते. दोघींनी मिळून दालीला जायचं ठरवलेलं असतं, ते राहूनच जातं. मग होंगदोऊ नोकरी सोडते आणि एकटीच तिकडे जाते, तीन महिन्यांसाठी एका खेड्यात खोली घेते. दाली हे चीनच्या नैर्ऋत्येला, युन्नान प्रांतात. एका बाजूला त्सांगशान डोंगर, दुसऱ्या बाजूला अरहाई तळं, मधे गावं आणि शेतं. होंगदोऊचं काम ल्यू यीफेईनं केलं आहे, जी २०२० च्या 'मुलान'मध्ये तलवार घेऊन लढली होती. इथं ती नुसती बसते, जेवते, झोपते, गावात हिंडते. सुरुवातीचे कितीतरी भाग तेवढंच. आणि मला तेच इतकं हवं होतं, की पाइप बदलून आल्यावर हात कोरडे करायच्या आधी मी फोन उघडायचो.

त्या गावात शिए झियाओ राहतो. बीजिंगची चांगल्या पगाराची नोकरी सोडून तो गावाकडे परत आला आहे. बायकांच्या भरतकामाला बाजार मिळावा, लाकडाचं कोरीव काम करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरांची कला टिकावी, गावातली पोरं बाहेर जाऊ नयेत, यासाठी तो दिवसभर पळत असतो. 

मी पुण्याच्या कंपनीतून परत आलो त्याला चार वर्षं झाली. बाबांना लकवा मारला, घरी दुसरं कोणी नव्हतं. सहा एकर वावर पडीक टाकायचं की आपण करायचं, एवढाच प्रश्न होता. पण पानटपरीवर अजूनही कोणी ना कोणी विचारतं, "काहून गा, पुण्याले जमलं नाही काय?" त्याला उत्तर देऊन देऊन मी थकलो. आणि लग्नाचं काय सांगू. वय चौतीस. दोन ठिकाणी पाहणं झालं. एका घरी मुलीच्या मामानं चहा संपायच्या आत विचारलं, "पुण्याची नोकरी परत मिळत असेल तर बोला." दुसऱ्या घरून निरोपच आला नाही. आमच्या गावात माझ्या वयाचे सात-आठजण असेच आहेत. शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळत नाही ही बातमी नाही राहिली आता, पण ज्याच्या घरची गोष्ट आहे त्याला ती रोज नवी असते.

म्हणून होंगदोऊ शिए झियाओकडे ज्या नजरेनं पाहते, ते पाहून मला गहिवरून आलं. तिला त्याची कीव येत नाही. "तू परत का आलास" असं ती विचारते, पण खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारते, आणि तो सांगतो तेव्हा पूर्ण ऐकते. मग त्याच्या कामात हात घालते, हॉटेलात शिकलेलं सगळं गावासाठी वापरते. अर्धी मालिका संपत आली तरी कोणी कोणाला "तू आवडतोस" म्हणत नाही. आधी सोबत जेवतात, सोबत चालतात, एकमेकांच्या अडचणीला उभे राहतात. कोणी कोणाला फसवत नाही, श्रीमंत सासू येऊन पैशाचं पाकीट फेकत नाही. माणसं आपापल्या दुखण्यासकट एका अंगणात राहतात आणि हळूहळू बरी होतात. त्या अंगणात नाना म्हणून एक मुलगी आहे. ती आधी फोनवर थेट कार्यक्रम करायची, लोकांनी छळ छळ छळलं म्हणून सोडून आली. तिला कोणी खोदून विचारत नाही. मला ही सर्वांत मोठी माया वाटते.

होंगदोऊ म्हणजे लाल दाणा. तिकडच्या जुन्या कवितेत लाल बी ही जिवाच्या ओढीची खूण आहे. हे वाचलं त्या सकाळी घरी येताना धुऱ्यावरच्या गुंजेच्या वेलीपाशी थांबलो. शेंगा वाळून उकलल्या होत्या, आत लाल दाणे, टोकाला काळा ठिपका. आठ-दहा दाणे खिशात घातले. अजून सदऱ्याच्या खिशातच आहेत.

मग आईनं विचारलं, "रातभर कोन्या बाईसंगं बोलत असते रे तू?" तिला दाखवलं. आईला अक्षरं वाचता येत नाहीत, चिनी तर आम्हा दोघांनाही येत नाही. म्हणून दुपारी जेवणं झाली की बाबांच्या खाटेजवळ बसून मी भाग लावायचो आणि सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीत सांगत जायचो. "थे म्हणून राहिली, मले भूक नाही. आजी म्हणते, दोन घास तरी खाय वो माय." आईला सांगितलं, की चीनमध्ये जुनी माणसं भेटली की आधी "जेवलास का" असंच विचारतात. ती म्हणाली, "मंग का इचारतीन? आपल्यासारखेच माणसं हायेत."

मालिका पाहता पाहता मी दालीबद्दल फोनवर शोधत बसायचो. तिथल्या बाय समाजाचा तीन चहांचा रिवाज आहे. पाहुण्याला पहिला चहा कडू, दुसरा गोड, तिसरा असा की चव मागाहून जिभेवर रेंगाळते. एकदा रुशानचा व्हिडिओ सापडला. गाईचं दूध आंबट पाण्यात फाडून त्याचा पातळ पापुद्रा ताणतात आणि काड्यांवर गुंडाळून वाळत घालतात. आई खाटेवरून पुढं वाकली. "अरे, हे तं सरगुंडे होय!" उन्हाळ्यात ती कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळते, वाळवते, उकडते, आमरसासोबत वाढते. तिनं व्हिडिओ तीनदा लावायला लावला. त्या बाईचे हात पाहून म्हणाली, "लय दिवसाचा हात हाय तिचा."

मालिकेत एका बाप-लेकाचा प्रसंग आला तेव्हा मी सांगता सांगता अडलो. पुढचं बोलणं वाचलं, पण तोंडातून निघेना. आई काही म्हणाली नाही. बाबांना चिनी कळत नाही, बोलताही येत नाही नीट. त्यांनी डाव्या हातानं खूण केली, आवाज वाढव. मी वाढवला. संपेपर्यंत ते फोनकडेच पाहत होते.

हरभरा आता सोंगून झाला आहे, जागल संपली. परवा शेजारच्या काकू आल्या, म्हणाल्या आम्हालेही दाखव. पुन्हा पहिला भाग लावला. हॉस्पिटलात नानशिंग जाते तिथं काकूंनी पदर डोळ्याला लावला. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "इथंच रडून घे वो बाई. पुढं मायेचे माणसं भेटतेत तिले."